पत्ता खरा, पाटी खोटी

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं घोडेगावच्या स्टँडवर गाडीत बसावं, आमच्या थांब्यावर उतरावं आणि मान वर करून पाटी वाचावी. त्या पाटीसाठी माझी आई तपभर भांडली. कंडक्टरशी भांडली, पावण्यांशी भांडली, घरात माझ्या वडिलांशी भांडली. इतक्या भांडणानं मिळालेली गोष्ट मी कागदावर फुकट का वाटू?

आमच्या तालुक्याची गंमत सांगितली की बाहेरचा माणूस आधी हसतो. तालुक्याचं नाव आंबेगाव. पण आंबेगाव शोधायला निघालात तर कचेरी सापडते घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, आणि खुद्द जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. दाखल्यावर, शिक्क्यावर, गाड्यांच्या पाट्यांवर ते अजून ठणठणीत कोरडं आहे. आमचं गाव त्याच खोऱ्यात, जरा वरच्या अंगाला होतं. मूठभर घरं, भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, उन्हाळ्यात हिरडा वेचायचा. धरणात तेही गेलं. पण त्याच्या नावाचा तालुका नव्हता, त्यामुळे शिक्का नव्हता, आणि शिक्का नाही म्हणजे ते कधी नव्हतंच, असं पुढं सगळे वागायला लागले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही खाली आलो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. वडिलांनी पडवीवरचे पत्रे उतरवून ट्रकमध्ये टाकले, आईनं जातं आणि उखळ टाकलं, आणि ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, कोंबड्या मांडीवर घेतल्या. खाली सगळं सपाट होतं. ऊस, कांदा, काळी माती, कालवा. ज्यांच्या शेताला धरणाचं पाणी मिळणार होतं त्यांच्या जमिनीतले तुकडे सरकारनं काढून आम्हाला दिले होते, त्यामुळे तिथल्या मूळ गावाला आम्ही डोळ्यासमोर नको होतो. त्यांचंही चुकत नव्हतं. आपल्या बांधावर उद्या कुणी अनोळखी कुटुंब आणून बसवलं तर आपण काही ओवाळायला जाणार नाही.

रस्त्याला आमचा थांबा झाला. एक लोखंडी खांब, त्यावर पिवळी पाटी, काळी अक्षरं : ‘धरणग्रस्त वसाहत क्र. २’. कंडक्टरला एवढं लांबलचक बोलायला वेळ नसायचा. तो ओरडायचा, “चला कालनी, कालनी! कालनीवालं कोन हाय, उतरा!” शाळेतही आम्ही कॉलनीवाले. घरात नवीन सून आली तर ती कॉलनीची सून. आमची म्हैस चुकून कुणाच्या उसात शिरली तर तीसुद्धा कॉलनीची म्हैस.

आई चौथी शिकलेली होती आणि त्या चौथीचा तिनं जन्मभर पुरेपूर वापर केला. दिसली पाटी की वाच, हा तिचा धर्म. खताच्या पोत्यावरचं, ट्रकच्या मागचं, दवाखान्याच्या भिंतीवरचं, सगळं मोठ्यानं वाचायची. आमच्या थांब्याची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती खांबाशी उभी राहिली आणि म्हणाली, “गरस्त म्हंजी? खरूज झालीय का आमाला?” वडील म्हणाले, “चल घरी, ऊन लागंल.” ती गेली. पण त्या पाटीकडे तिनं पुन्हा कधी सरळ बघितलं नाही, शेजारणीशी अबोला धरल्यासारखी मान फिरवून जायची.

खरं तर आमच्या भागात थांबा आणि गाव यांचा मेळ कधीच नसतो. नाशिक हायवेवर उतरलात तर दर दोन मैलांवर एक फाटा लागतो. ज्या गावाचं नाव फाट्याला, ते गाव तिथं नसतं. चहाची टपरी, पंक्चरवाला आणि एक बाण. ओझरच्या गणपतीला निघालेला नवखा माणूस हायवेलाच उतरतो, आजूबाजूला देऊळ शोधतो आणि मग कुणीतरी सांगतं, देव अजून आत आहे, रिक्षा बघा. तर नाव एकीकडं आणि गाव दुसरीकडं याची आम्हाला सवय होती. पण फाट्यावरचा बाण कुठल्या तरी गावाकडं जातो. आमच्या पाटीवरून कुठंच जाता येत नव्हतं. ती फक्त आमचं काय झालं ते सांगायची, आम्ही कोण ते नाही.

भडका उडाला तो ताईच्या लग्नात.

ताईला बेल्ह्याकडचं स्थळ आलं होतं. वडील बैल घ्यायला बेल्ह्याच्या बाजारात गेले आणि सोयरिक करून आले, असं आई पुढं कौतुकानं सांगायची. बोलणी तिकडंच झाली, सुपारी तिकडंच फुटली, त्यामुळे पावण्यांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं. पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, पत्ता ‘वसाहत क्र. २’ घालू, सोपं पडेल. आई म्हणाली, “माझी लेक वसाहतीतनं न्हाई उठायची. गावातनं उठंल.” आणि पत्रिकेत लग्नस्थळ म्हणून आमच्या जुन्या गावाचं नाव छापलं गेलं. खाली वसाहतीचा शब्दसुद्धा नाही. वडिलांनी नाकी नऊ आले म्हणत ते मान्य केलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा टेम्पो पूर्वेकडून निघाला. पत्रिका टेम्पोवाल्याच्या हातात. घोडेगावात त्यांनी एका म्हाताऱ्याला गाव विचारलं. म्हातारा अगदी सज्जन आणि माहीतगार. त्यानं हातानं दाखवत सांगितलं, “हे असं डिंभ्याला जावा, धरनाच्या म्होरं, डाव्या अंगाला.” एकही शब्द खोटा नाही. टेम्पो गेला. डिंभे गेलं, धरणाची भिंत गेली, रस्ता काठाकाठानं वर चढला आणि मग डाव्या अंगाला फुटलेली जुनी वाट सरळ पाण्यात उतरली. नवरदेव मुंडावळ्या बांधून, करवल्या नटून, वाजंत्रीवाले डफ गळ्यात घालून पाण्याच्या काठाला उभे. जाळं टाकणाऱ्या एकाला त्यांनी विचारलं की अमुक गाव कुठं आहे. त्यानं पाण्याकडं बोट केलं. नवरदेवाच्या मामाला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय, आणि तिथं हमरीतुमरी झाली.

शेवटी त्याच मासेवाल्याला दया आली. तो जाळं गुंडाळून टेम्पोत चढला आणि वऱ्हाडाला खाली घेऊन आला. आमच्या मांडवात भटजी घड्याळ बघून बघून थकले होते, मुहूर्त कधीच टळला होता, भात थंड झाला होता आणि आमच्याच वस्तीतली माणसं आईकडं अशा नजरेनं बघत होती की मला रडू यायला लागलं. ताई तर आत हळदीच्या साडीत गुडघ्यात डोकं घालून बसली होती. टेम्पो आला तसा मामा उडी मारून उतरला आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाला, “पत्रिकेत खोटा पत्ता घालता? आमाला काय मासं समजला का?”

वडिलांनी हात जोडले. आईनं नाही जोडले. ती म्हणाली, “पत्ता खरा हाय पावणं. पाटी खोटी हाय.”

कुणाला काहीच कळलं नाही. पण भटजींनी दुपारचा दुसरा मुहूर्त काढला, मंगलाष्टकं झाली, आणि लोक जेवायच्या घाईत राग विसरले. मासेवाला पहिल्या पंगतीला बसला. मग आली तांदळाची वेळ. आमच्याकडं सासरी जाणाऱ्या मुलीचं पहिलं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि मग तेच नाव जन्मभर. ताट आलं. नवरदेवाच्या आत्यानं नाव ठरवून आणलं होतं, ऐकायला छानही होतं. नवरदेवानं बोट पुढं केलं तशी आईनं ताटच उचललं.

“आज गावाचं नाव न्हाई घावलं तुमाला,” ती म्हणाली, “उद्या मी लेकीला भेटाया आले आन् तिचं नाव मला न्हाई घावलं तर? म्या कुनाला हाक मारू? लेकीचं हाय तेच ऱ्हाऊ द्या.”

आत्या म्हणाली, “समद्यांचं बदलतं. तुमचं न्हाई का बदललं?”

“बदललं,” आई म्हणाली. “म्हनूनच म्हनतेय.” आणि तिनं तिथं, ताट हातात धरून, आपलं माहेरचं नाव सांगितलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती घरात कधी माहेरच्या गोष्टी सांगायची, पण त्या गोष्टीतली मुलगी नेहमी ‘मी’ असायची, तिला कुणी हाक मारताना मी ऐकलं नव्हतं. तिचे भाऊ लवकर वारले होते. ते नाव उच्चारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. मला तेव्हा आईचा इतका राग आला होता, की हिला आजच्याच दिवशी हे सगळं का काढायचंय, पण ते नाव मी मनातल्या मनात पुन्हा म्हणूनही पाहिलं. ताईचा नवरा भला माणूस. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की हाय तेच.” त्यानं अंगठीनं तांदळात ताईचं तेच नाव लिहिलं. आत्या वर्षभर आमच्याशी बोलली नाही.

लग्न पार पडलं, पण वस्तीत आई वेडी ठरली. पुरुषमाणसांनी बसून ठरवलं की झालं तेवढं पुरे, आता सगळ्यांनी वसाहतच म्हणायचं, उगीच भीक नको पण कुत्रं आवर अशी गत नको. वडीलही त्या बैठकीला होते. घरी आल्यावर आई त्यांना म्हणाली, “तुमचं नाव कुनी बदललंय कवा? तुमाला काय कळायचं!” वडिलांनी विडी पेटवली आणि गोठ्याकडं गेले.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी आईनं एक नवीनच उद्योग सुरू केला. घोडेगावहून परतताना ती गाडीत कंडक्टरकडं तिकीट मागायची ते जुन्या गावाचं.

“ते गाव पान्यात गेलं मावशी,” कंडक्टर म्हणाला.

“मी कुटं पान्यात गेलेय? मी हितंच हाय. दे तिकीट.”

“तिकडं गाडीच जात न्हाई. द्यायचं कुठनं?”

“मंग गाडी जिथं आमची मानसं ऱ्हात्यात तिथं जाती ना? तिथलं दे. नाव मी सांगते ते म्हन.”

“नाव म्हनायला मी काय नवी नवरी हाय व्हय!” कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली. आईही हसली. पण तिनं कॉलनी हा शब्द काही तोंडातून काढला नाही. कंडक्टर दमला, त्यानं आपल्या हिशेबानं तिकीट फाडलं. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. मग आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या बायका तसंच मागायला लागल्या. आधी मजा म्हणून, मग हट्ट म्हणून. भाजीच्या पाट्या मांडीवर घेऊन एकामागून एक बाई त्या गावाचं तिकीट मागते आणि गाडी खोळंबते, असं चाललं. कंडक्टर बदलले तरी बायका बदलल्या नाहीत. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा मलाही तसंच मागावं लागायचं, कारण मागच्या सीटवर कुणीतरी मावशी बसलेली असायचीच आणि ती घरी जाऊन सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मागायचे.

पण पाटी बदलणं कंडक्टरच्या हातात नव्हतं. आगारातले कंट्रोलर साहेब भले होते. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि समजावलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणा, मी पुढं पाठवतो. आणि ग्रामपंचायत खालच्या, ज्यांच्या जमिनी आम्हाला दिल्या त्या मूळ गावाची. तिथं आमचं मत म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आई दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा तिथल्या एका वयस्कर, वजनदार शेतकऱ्यानं एकच वाक्य ऐकवलं : “जमीन आमची आन् नाव तुमचं?” त्यावर आईकडं उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणून गप्प बसलेली आई मी तेवढीच पाहिली.

उत्तर तिला सापडलं ते मद्रासला.

माझं लग्न झालं, नवरा चाकणला कंपनीत होता. दोन हजारनंतरच्या एका वर्षी कंपनीनं त्याला काही महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं. मी लहान मुलीला घेऊन निघाले आणि सोबतीला आई. आई चेन्नईला शेवटपर्यंत मद्रासच म्हणाली, त्याबद्दल मी तिला चिडवलं, की दुसऱ्याच्या गावाचं नवं नाव तूही घेत नाहीस. ती म्हणाली, “ती मानसं रागावली तर घीन की.” पुण्याहून गाडी सुटल्यापासून तिनं खिडकी सोडली नाही. दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल. पाटी आली की मोठ्यानं वाचायची. मधे एखादं स्टेशन इतकं लहान, की दोन बाकं आणि एक कडुनिंब. पण त्याचीही पिवळी पाटी, त्यावर तीन लिप्यांत गावाचं नाव. “बग,” ती मला म्हणाली, “दोन बाकांचं गाव, पन नाव तीनदा लिवलंय.”

तिला विमान जवळून बघायचं होतं. म्हणून एका रविवारी आम्ही तिकडच्या लोकलनं विमानतळाला निघालो. नवरा म्हणाला, “उतरायचं आता, आला विमानतळ.” आम्ही उतरलो. आई सवयीनं पाटीपाशी गेली. वर वाचता येईना अशी अक्षरं, पण मधे देवनागरी होती. तिनं वाचलं, “त्रिशूलम.” मग इकडंतिकडं बघितलं. “जावईबापू, चुकलो आपन. ह्ये तर कुटलं गाव हाय. इमानतळ कुटंय?”

नवऱ्यानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. त्याच वेळी एक विमान एवढं खाली आलं की माझी मुलगी माझ्या पायाला बिलगली. विमानतळ समोरच होता. आणि स्टेशनवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव, विमानतळाचं नाव मात्र कडेला एका लहान पाटीवर, बाण काढून.

“म्हंजी इमानतळाचंच ठेसन ना ह्ये?” आईनं पुन्हा विचारलं.

“विमानतळाचंच.”

“आन् नाव गावाचं?”

“स्टेशनामागं डोंगर आहे ना, तिथलं देऊळ आणि गाव. त्याचं नाव.”

नवऱ्याला ही मोठी गैरसोयच वाटत होती. तो म्हणाला, बाहेरचा माणूस फसतो, सरळ ‘विमानतळ’ असं लिहायला काय झालं होतं! आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा पाण्याची बाटली आणायला गेला. फलाटाच्या टोकाला एक बाई मोगऱ्याचे गजरे विकत बसली होती. आई तिच्यापुढं जाऊन बसली. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. आईनं जमिनीवर हात ठेवला आणि मान हलवून विचारलं. बाई म्हणाली, “त्रिशूलम.” आईनं वर विमानाकडं बोट केलं. बाईनं माशी हाकलावी तसा हात हलवला, आणि पुन्हा जमिनीवर हात आपटून सांगितलं, “त्रिशूलम!” दोघी खदखदून हसल्या. आईनं गजरा घेतला आणि विधवा होऊन दोन वर्षं झालेली माझी आई तो केसात माळून विमान बघायला आली. मी काही बोलले असते तर माझंच काही खरं नव्हतं.

विमानं तिनं फार वेळ पाहिलीही नाहीत. “बगितली,” म्हणाली. “चला.”

आम्ही परत आलो तेव्हा आमच्या भागात भलतीच हवा होती. खेड-चाकणकडं मोठा विमानतळ येणार, पुणे-नाशिक रेल्वे येणार, इकडून जाणार, तिकडून जाणार, अशा बातम्यांनी चहाच्या टपऱ्या गजबजल्या होत्या. एक दगड हलला नव्हता, पण त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून माणसं हातघाईवर आली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसंच. वसाहतीशेजारच्या मूळ गावातल्या लोकांना मात्र खरी धास्ती होती. जमीन एकदा गेली होती, आता पुन्हा जाईल. ग्रामसभेत तोच वयस्कर शेतकरी उठून म्हणाला, “आधी धरन आलं, आता इमानतळ. उद्या गाडीतला कंडक्टर आमाला बी इमानतळवालं म्हनंल. गावाचं नाव बी ऱ्हायचं न्हाई.”

आई बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. ती उठली. मी शेजारी होते, मी तिचा पदर ओढला, तिनं सोडवून घेतला.

“ऱ्हातंय, आण्णा,” ती म्हणाली. “म्या बगून आले. मद्रासकडं इमानतळाच्या दारात ठेसन हाय. इमानं डोस्क्यावरनं जात्यात. पन ठेसनावर नाव गावाचं, आन् इमानतळाला नुसता बान. तिथली बाई जिमिनीवर हात आपटून गावाचं नाव सांगती. मानसं धरून बसली की नाव ऱ्हातंय.”

म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली. मग आईनं ते बोललं जे इतकी वर्षं तिला सुचलं नव्हतं. “तुमची जमीन गेली, नाव ऱ्हायलं. आमचं दोनी गेलं. जमीन तुमी दिली, ती आमी कसतोय, तुमचं उपकार हायेत. पन आमचं नाव काय तुमच्याकडं न्हाई, त्ये द्यायला तुमचं काय बी जात न्हाई. आज आमच्या थांब्यावर धरनाचं नाव हाय. ते तुमी काढलं, तर उद्या तुमच्या थांब्यावर इमानतळाचं नाव लावाया कुनी आलं की आमी समद्या बाया खांबाला धरून बसू. तुमच्या गावाच्या खांबाला.”

मागून कुणीतरी हसलं. म्हातारा नाही हसला. तो सरपंचाकडं वळून म्हणाला, “लिहा ठराव. लई वरसं झाली, बाई काय ऐकायची न्हाई.” आणि पहिला हात त्यानं वर केला. घरी येताना आई रस्ताभर माझ्या मागं मागं चालत होती. मला वाटलं दमली असेल. बघते तर ती रडत होती, आणि रडते म्हणून स्वतःवरच चिडत होती.

आगारातून परवानगी आली. पण पाटी कोण करणार? लगेच एक पुढारी हजर झाले. ते पत्र्याचं निवारा-शेडच बांधून देणार होते, फक्त वर ‘सौजन्य’ म्हणून त्यांचं नाव येणार होतं. आमच्याकडं सौजन्य म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. गावाचं नाव चिमटीएवढं आणि सौजन्याचं परातीएवढं, शेजारी हात जोडलेला फोटो. आई त्यांच्या माणसाला म्हणाली, “धरनाच्या तोंडातनं काढलं ते तुमच्या तोंडात घालू व्हय? आमी उनात उभं ऱ्हातो.” वस्तीतले लोक हळहळले, शेड खरंच उपयोगी पडलं असतं. अजूनही पावसाळ्यात थांब्यावर भिजताना कुणीतरी आईच्या नावानं बोटं मोडतं.

पाटीसाठी पत्रा आईनंच दिला. वरच्या गावातल्या पडवीचे जे पत्रे वडिलांनी ट्रकमधून आणले होते, त्यातला एक गोठ्यावर शिल्लक होता. जाड, जुन्या काळचा. वेल्डरनं तो ठोकून सपाट केला, कापला, पिवळा रंग दिला. पेंटर घोडेगावचा. आम्ही सगळे खांबाभोवती उभे होतो, ताईसुद्धा सासरहून आली होती. पेंटरनं सुतळीनं रेघ मारली आणि काळ्या रंगात गावाचं नाव लिहिलं. मोठं. आईनं ते मोठ्यानं वाचलं, मग सगळ्यांनी वाचलं.

पेंटरनं सवयीनं विचारलं, “खाली काय टाकू? सौजन्य कुनाचं?”

लोक म्हणाले, काही नको, राहू दे कोरं. आई म्हणाली, “कोरं कशापायी? पत्रा माझ्या घरचा हाय. लिही.” आणि तिनं नाव सांगितलं. मतदार यादीतलं किंवा रेशनकार्डावरचं नव्हे, वडील ज्या नावानं हाक मारायचे तेही नव्हे. ताटातल्या तांदळात पुसलेलं, तिचं माहेरचं नाव. नुसतं पहिलं. पुढं ना बापाचं, ना नवऱ्याचं, ना आडनाव.

वस्तीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. ताईनं माझा हात धरला, तिच्या लक्षात आलं होतं. पेंटरनं ब्रश थांबवला. “ह्या कोन मावशी? हितल्याच का?”

“हितलीच,” आई म्हणाली. “बारीक लिही, पन लिही.”

त्यानं बारीक लिहिलं. अजून ते तसंच आहे, आई आता नाही. मधे एकदा पाटीला गंज चढला तेव्हा ताईनं आणि मी जाऊन तीच अक्षरं पुन्हा काढून घेतली. नवखी माणसं थांब्यावर गाडीची वाट बघताना ते नाव वाचतात आणि विचारतात, ही बाई कोण? वस्तीतलं लहान पोरसुद्धा सांगतं. ते नावही मी इथं लिहिणार नाही. उतरा, आणि मोठ्यानं वाचा.